मर्सिडीज डब्ल्यू १२३ इस्टेट : मागच्या लेव्हलिंग व्हॉल्व्हमधून तेल गळते, दुरुस्ती करावी की नवा बसवावा?

माझगावकर

नमस्कार. वडिलांची १९८० च्या दशकातील मर्सिडीज ३०० टीडी इस्टेट आमच्याकडे आजही नियमित चालते. या गाडीला मागच्या बाजूस स्प्रिंगच्या जोडीने हायड्रॉलिक स्ट्रट (तेलाच्या दाबावर वजन पेलणारे दांडे) आहेत आणि डिकीत वजन वाढले की मागचा भाग उचलून गाडी पुन्हा समपातळीवर आणणारा लेव्हलिंग व्हॉल्व्ह आहे. पावसाळ्यानंतर या व्हॉल्व्हभोवती तेल जमू लागले, सोसायटीच्या लाद्यांवर डाग पडू लागले आणि बॉनेटखालच्या टाकीतील तेलही कमी होत आहे. एका गॅरेजने व्हॉल्व्ह बदलण्यास सांगितले, तर दुसऱ्याने सगळी यंत्रणाच काढून साधे शॉकॲब्सॉर्बर लावण्याचा सल्ला दिला. गाडी मूळ स्वरूपात राहावी अशी माझी मनापासून इच्छा आहे. व्हॉल्व्ह उघडून त्याचे सील बदलता येतात का? तोपर्यंत गाडी चालवावी का?

चेंबूरचा_फिटर

चालवण्यापुरते सांगतो. आपल्या गाडीत ब्रेकची यंत्रणा वेगळी आहे, त्यामुळे या गळतीने ब्रेक जाणार नाहीत. सिट्रोएन डीएससारख्या गाडीत सस्पेन्शन आणि ब्रेक एकाच दाबाच्या तेलावर चालतात, तिथे मी चालवू नका असेच म्हटले असते. मात्र टाकी रिकामी होऊ देऊ नका, कारण कोरडा फिरलेला पंप खराब होतो आणि मग खर्च कितीतरी वाढतो. तेल टायरवर किंवा मागच्या ब्रेक डिस्कवर उडत असेल तर गाडी उभीच ठेवा.

साधे शॉकॲब्सॉर्बर लावण्याचा सल्ला मला मुळीच पटत नाही. या गाडीच्या मागच्या वजनाचा काही भाग स्ट्रटमधील तेलाचा दाब पेलतो आणि स्प्रिंग त्या हिशेबाने मऊ ठेवलेल्या असतात. स्प्रिंग न बदलता स्ट्रट काढले तर भरलेली गाडी मागे बसणारच.

जुनी_गाडी_दादर

व्हॉल्व्हला हात लावण्याआधी गळती नेमकी कोठून होते ते शोधावे, कारण तेल पाइपवरून ओघळत येऊन व्हॉल्व्हच्या तळाशी साचते आणि दोष भलत्याच भागावर येतो. व्हॉल्व्ह, त्याला जोडलेले पाइप आणि त्यांचे नट रॉकेलने धुऊन पूर्ण कोरडे करा, वर टाल्कम पावडर पातळशी भुरभुरवा, डिकीत वजन ठेवा आणि इंजिन चालू करा. पहिला ओला डाग जिथे उमटेल तिथे गळती आहे. स्ट्रटच्या खालच्या रबरी बुटात तेल साठले आहे का, तेही पाहा. कोणत्याही परिस्थितीत बोटाने गळती चाचपू नका : दाबाखालची बारीक धार कातडी भेदून आत शिरते आणि अशी जखम दिसायला लहान असली तरी तातडीने शस्त्रक्रिया करावी लागू शकते. पुठ्ठ्याचा तुकडा वापरा.

सील बदलता येतात. गाडी घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) पक्की टेकवून व्हॉल्व्हवरच्या ब्लीड स्क्रूला, म्हणजे दाब आणि हवा सोडण्याच्या स्क्रूला, नळी लावा, नळीचे दुसरे टोक बाटलीत सोडा आणि स्क्रू हळूहळू ढिला करून दाब पूर्ण उतरवा. दाब उतरताना मागचा भाग खाली येतो, म्हणून केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नये. आपल्याकडच्या खाऱ्या हवेत पाइपचे नट गंजून बसलेले असतात; गंज सोडवणारे तेल आदल्या रात्री मारून ठेवा आणि नटाला बहुतेक सर्व बाजूंनी पकडणाराच पान्हा लावा, नाहीतर नट गोल होतो आणि मग स्टीलचा पाइपच नव्याने करून घ्यावा लागतो. कोणता पाइप कोठे होता याची खूण करून उघडी तोंडे लगेच बंद करा.

सील म्हणून बसणाऱ्या गोल रबरी ओ-रिंग मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर मिळतील, पण तिथे नुसती मापाची काळी रिंग मागू नका. हे खनिज तेल आहे, म्हणून नायट्राइल किंवा व्हायटॉन या जातीच्या रबराचीच मागा. ब्रेकमध्ये वापरतात ते ईपीडीएम रबर या तेलात फुगून खराब होते, आणि दोन्ही रिंग दिसायला सारख्याच असतात. जुन्या रिंगचा कडकपणाही जुळवून घ्या. आतील भागांना पॉलिश पेपर लावू नका, कारण तिथला एक ओरखडा म्हणजे नवी गळती. तेल मर्सिडीजच्या ३४४.० या मानकात बसणारेच घाला. ब्रेक ऑइल चुकूनही नको. टाकीतील फिल्टर याच वेळी बदला.

माझगावकर

सविस्तर उत्तरांबद्दल आपणा दोघांचे आभार. पावडरची चाचणी केली. पाइपचे नट आणि स्ट्रटचे बूट कोरडे आहेत. व्हॉल्व्हमधून बाहेर येणाऱ्या लिव्हरच्या दांड्याभोवतीच तेल झिरपते. याशिवाय खड्ड्यातून जाताना मागचा भाग आता पूर्वीपेक्षा कडक आपटतो. याचा गळतीशी संबंध असू शकतो का?

कुर्ला_स्पेअर्स

असू शकतो, आणि सील बदलण्यापूर्वीच याचा विचार करायला हवा. दोन्ही बाजूंच्या अक्युम्युलेटरमध्ये (स्ट्रटला जोडलेल्या दाब साठवणाऱ्या बंद भांड्यांमध्ये) पडद्याच्या एका बाजूस नायट्रोजन वायू आणि दुसऱ्या बाजूस तेल असते. खड्ड्याचा धक्का हा वायू दाबला जाऊन शोषतो. पडदा फाटला किंवा वायू निघून गेला की तेल दाबले जात नसल्यामुळे तो धक्का थेट पाइपवर आणि सीलवर जातो. मुंबईच्या रस्त्यांवर अशा स्थितीत नवे सील फार काळ टिकणार नाहीत. अक्युम्युलेटर जोडीनेच बदला. व्हॉल्व्हपेक्षा तो खर्च मला अधिक आवश्यक वाटतो.

व्हॉल्व्हबाबत दादरकरांशी मी सहमत आहे, फक्त एक अट घालतो. दांडा बाहेर काढल्यावर सील बसण्याच्या जागी नखाला जाणवेल इतकी खाच किंवा गंजाचे खड्डे असतील तर कितीही चांगली ओ-रिंग लावली तरी तेल येणारच, आणि मग बदली व्हॉल्व्हच घ्यावा. जुन्या बाजारातून घेणार असाल तर त्याचे सील आधी बदलून मगच तो गाडीवर चढवा.

बसवताना लिव्हर आणि टॉर्शन बार (मागची चाके वरखाली होताना पिळला जाणारा आडवा दांडा) यांना जोडणाऱ्या छोट्या दांडीची लांबी मूळ होती तेवढीच ठेवा, कारण गाडीची उंची तिच्यावर ठरते. तेल भरून इंजिन चालू केल्यावर ब्लीड स्क्रूच्या नळीतून बुडबुडे येणे थांबेपर्यंत हवा काढा आणि त्या वेळात टाकीतील पातळीवर कोणालातरी लक्ष ठेवायला सांगा. वजन चढवले की तेल स्ट्रटकडे जाऊन टाकीत ते कमी दिसते, तेव्हा शेवटची पातळी रिकाम्या गाडीवरच पाहा.