खडकीच्या लढाईचा पट: चिखल दाखवायचा की लपवायचा?

षटकोन_कोथरूड
नमस्कार मंडळी. खडकीच्या लढाईवर (५ नोव्हेंबर १८१७) दोघांनी खेळायचा हेक्सचा (षटकोनी घरांचा) पट करतोय. नकाशात गणेशखिंड, आजचं विद्यापीठ, रेंज हिल्स, खडकी. एक घोडदळ-काउंटर (सोंगटी) म्हणजे ५०० स्वार. पेशव्यांकडे साधारण १८ हजार घोडदळ, ८ हजार पायदळ. समोर ईस्ट इंडिया कंपनीच्या कर्नल बरचे २,८००.

घोडं अडलंय चिखलात. पेशव्यांचे सेनापती बापू गोखल्यांनी सहाएक हजार निवडक स्वार घातले, कंपनीच्या डाव्या फळीसमोर दलदल लागली, घोडी कोसळली आणि शिपायांनी राखून ठेवलेला बार जवळून काढला. ही दलदल नकाशावर काढली, तर जो पेशवा होतो तो पहिल्याच पाळीत तिला वळसा घालतो. न काढावी, तर एवढं घोडदळ बरला गिळून टाकतं आणि इंग्रज झालेला माणूस चहा टाकायला उठतो. काल मेहुण्याने विचारलं, "गोखले इतके बावळट होते का रे?" झोंबलं. पुढे १८१८ मध्ये आष्टीला लढता लढता पडलेला सेनापती माझ्या पटावर मूर्ख दिसत असेल, तर नकाशा बिनचूक असून उपयोग काय?

पालथी_चकती
चिखल ठेवा, पण पालथा. त्या पट्ट्यातल्या प्रत्येक हेक्सवर एक चकती उलटी ठेवायची. बहुतेक कोऱ्या, दोन-तीन चिखलाच्या. घोडा आत शिरला की उलटायची. एक पाळी खर्चून टेहळणी करू द्या. लढाई दुपार कलल्यावर सुरू झाली आणि अंधाराने थांबली, त्यामुळे पाळी घालवताना हात आखडेलच.

१८२४ साली प्रशियाच्या सैन्याने राइसविट्झचा जो युद्धखेळ उचलला, त्यात पंच असायचा. सेनापतीला प्रत्यक्षात दिसलं असतं तेवढंच तो खेळाडूला सांगे. पुण्यात पंच घरटी एक मिळेल, पण गप्प बसणारा मिळणार नाही. म्हणून चकत्या.

जुना_खडकीकर
मला नाही पटत. चकत्या पिसल्या की निम्म्या डावांत चिखल भलतीकडेच जाणार. मग ती खडकी कसली? ओढे हलवायचे तर चतुःशृंगीची टेकडीही हलवा!

षटकोनराव, तुमचं खरं दुखणं चिखल नाही, ते १८ हजार आहे. त्यातले सगळे त्या दिवशी लढले कुठे? बाजीराव पर्वतीवर. पहिली तोफ आपल्याकडून सुटू नये असा निरोप त्यांनी गोखल्यांना धाडला, असं इतिहासकार ग्रँट डफ लिहितो. गोखल्यांनी तोवर तोंड लावलं होतं. तुमचा पेशवा मात्र दर पाळीला सगळी काउंटरं हलवतो. एवढा हुकूम चालला असता तर शनिवारवाड्यावर निशाण कशाला बदललं असतं? पाळीला तीन-चार हुकूम द्या, फार तर. बाकीचे स्वार बघत उभे राहू देत. मग गोखल्यांना घाई का होती तेही खेळणाऱ्याला कळेल.

षटकोन_कोथरूड
दोघांचंही घेतो. काका, चकत्या पिसणार, पण फक्त डाव्या फळीसमोरच्या हेक्सांत. टेकडी जागेवरच राहील. हुकूम तीन. आणि जिंकण्याची अट बदलतो: कंपनीला अंधार पडेपर्यंत फळी टिकवली की पुरे, कारण आठवड्याभरात कंपनीचा जनरल स्मिथ कुमक घेऊन येऊन पोचतोच. पेशव्याला मात्र त्याआधी ती मोडायलाच हवी. अशी घाई असली की धोका दिसत असूनही माणूस घोडे घालेल, असा अंदाज आहे.

पेशव्यांची फौज निघताना जरीपटक्याची (त्यांच्या निशाणाची) काठी मोडल्याची गोष्ट कार्ड म्हणून घालायचा मोह होतोय. पण फाशांवरच इतकं नशीब असताना वर अपशकुन नको.

पालथी_चकती
तीन हुकूम कमी पडतील. पेशव्यांच्या पायदळाची द पिंटोची पलटण पुढे सरकते, तिच्यामागे कंपनीचे शिपाई फळी सोडून धावतात, आणि ते बघून गोखले घोडे घालतात. फळी विस्कटल्यावर एक हुकूम फुकट द्या. नाहीतर नेमक्या त्या क्षणी पेशव्याचे हात रिकामे.

षटकोन_कोथरूड
हे बरोबर, घालतो. रविवारी दुपारी माझ्याकडे मांडणार आहे. कुणी येत असाल तर बर व्हायची तयारी ठेवून या. पेशवा व्हायला रांग आहे.