अनुभव धागा: कमी दिवसांचं बाळ आणि भरलेलं घर

३७ आठवडे भरायच्या आत जन्मलेलं बाळ काचेच्या पेटीतून घरी येतं. डिस्चार्ज कार्डावर औषधं असतात, पण दहा माणसांच्या राबत्यात त्याला कसं जपायचं हे कार्डावर नसतं. १७ नोव्हेंबर हा अकाली जन्मलेल्या बाळांचा जागतिक दिवस. त्यानिमित्ताने लिहा: तुमच्या घरात कोणी काय उचललं, कोणाला काय पटवावं लागलं? औषधांचे डोस मात्र देऊ नका, ते बाळाच्या वजनावर ठरतात.

आई, तासगाव

मुलगी ३१ आठवड्यांची, १,४०० ग्रॅमची. घरी आली ती ऐन द्राक्षाच्या काढणीत. ओसरीवर व्यापारी, आत जाऊबाईंची शाळकरी मुलं. माजघराशेजारची खोली बाळाची केली आणि दाराशी बादली-साबण ठेवला. जाऊबाई थोरल्या दिरांनाही कोपरापर्यंत हात धुवायला लावायच्या. सर्दी झालेल्याला आत प्रवेश नाही. सासऱ्यांना शिंका येत होत्या तेव्हा तेही उंबऱ्यावरूनच बघून गेले.

खरा आधार 'कांगारू'चा, म्हणजे बाळाला कातडीला कातडी लावून छातीशी धरण्याचा. अंगावर फक्त लंगोट, टोपडं, मोजे. बाळ उघड्या छातीवर उभं, मान एका बाजूला वळवलेली, नाक मोकळं, वरून ओढणी घट्ट. पेट्या अपुऱ्या पडत होत्या म्हणून १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात ही पद्धत सुरू झाली. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ८ ते २४ तास सांगते. टाके दुखत असताना, दूध काढून ठेवायचं असताना एकटीला ते कसं झेपणार? मग पाळ्या लावल्या. दुपारी सासूबाई, रात्री नवरा. "पुरुषमाणसाला काय जमणार" म्हणणाऱ्या सासूबाईच पुढे त्याला हाक मारायच्या, "ये रे, तुझी पाळी." त्याच्याजवळ ती सगळ्यात गाढ झोपायची.

वडील, डोंबिवली

माझं एकच कळकळीचं सांगणं, डोळ्यांची तपासणी चुकवू नका. ३४ आठवड्यांआधी किंवा २ किलोपेक्षा कमी वजनाचं बाळ असेल तर जन्मापासून ३० दिवसांच्या आत डोळ्याचा पडदा तपासावा लागतो, फार लहान बाळाचा त्याहूनही लवकर. बाहेरून डोळे छान दिसतात, म्हणून घरचे म्हणाले, "एवढ्याशा जिवाला कशाला न्यायचं?" आम्ही नेलं. लेझर करावं लागलं. आज त्याला चष्मा आहे, पण वेळेत नेलं म्हणून नजर वाचली.

दुसरं, वयाचा हिशेब. लस जन्मतारखेप्रमाणे, पण मान धरणं, बसणं मोजायचं ते डॉक्टरांनी दिलेल्या प्रसूतीच्या तारखेपासून. आमचा दोन महिने आधी आला, म्हणजे सहाव्या महिन्यात त्याच्याकडून चार महिन्यांच्या बाळाचीच अपेक्षा. वहिनीने हे सगळ्या आत्या-मावश्यांना समजावलं, तेव्हा कुठे "अजून बसत नाही का?" थांबलं.

आजी, सातारा

जुळी नातवंडं. न्हाऊ घातल्यावर ओव्याची धुरी ही आमची जुनी रीत. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं कच्ची आहेत, धूर नको. मी धुरी बंद केली, उदबत्तीसुद्धा. धाकटी जाऊ रुसली, रुसू दे. कोणी दारात येऊन म्हणालं, सातव्यातलं जगतं, आठव्यातलं नाही. साफ खोटं आहे ते. जितके दिवस पोटात जास्त, तितकं बाळ पक्कं.

दोघं चोखताना दमायची, म्हणून काढलेलं दूध बोंडल्याने, म्हणजे चोचीच्या छोट्या वाटीने, पाजलं. बोंडलं आधी उकळून घ्यायचं. बाळ अर्धवट बसतं धरायचं, टोक ओठाच्या कोपऱ्याला टेकवायचं, थोडं सोडायचं, गळा हलला की मगच पुढचं. घाई केली की ठसका. सून एकाला घ्यायची, मी दुसऱ्याला.

आशा कार्यकर्ती, गडचिरोली जिल्हा

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने आमच्याच जिल्ह्यात गावच्या बायकांना नवजात बाळ तपासायला शिकवलं. आता देशभरातल्या आशा ४२ दिवसांपर्यंत घरी येतात, त्यांना बाळ दाखवा. हाताची मागची बाजू बाळाच्या पोटाला आणि तळव्यांना लावा. पोट गरम आणि तळवे गार असतील तर लगेच छातीशी घ्या. दोन्ही गार म्हणजे धोका.

मोठ्या घरात निर्णयाला वेळ लागतो, ते मी फार पाहिलंय. दूध ओढत नाही, श्वास घेताना छातीत खड्डा पडतो, ओठ निळे पडले, यातलं एक जरी दिसलं तरी शेतावर गेलेल्या मोठ्यांची वाट बघू नका. बाळ छातीशी बांधा आणि १०८ ला फोन लावा.