वैमानिकांच्या हातमोज्यांचे ज्वालारोधक निटेड कापड ताणल्यावर फाटते : मदत हवी आहे

वैमानिकांच्या हातमोज्यांत हाताच्या पाठीवर येणाऱ्या भागासाठी मी ज्वालारोधक निटेड (स्वेटरसारखे, सुताच्या फासांत फासे गुंतवून केलेले) कापड तयार करत आहे. तळहाताला मऊ चामडे असल्याने तो भाग तूर्त बाजूला ठेवतो. सूत मेटा-अरामिडचे आहे, म्हणजे नोमेक्स या व्यापारी नावाने परिचित असलेल्या जातीचे. आचेत हा तंतू नायलॉनसारखा वितळून कातडीला चिकटत नाही, तर त्याचा कोळसा होतो, आणि ज्योत दूर केली की तो आपोआप विझतो.

कापड सिंगल जर्सी, म्हणजे टी-शर्टसारख्या साध्या एकेरी विणीचे आहे. उभ्या नमुन्याला खालून १२ सेकंद ज्योत देण्याच्या चाचणीत ते उत्तीर्ण झाले, परंतु ती चाचणी सैल, सपाट कापडावर होते. वैमानिकाने मूठ वळली की बोटांच्या सांध्यांवर टाके उघडतात, कापड पातळ होते आणि टाक्यांत अडकलेली हवा, जी खरे तर उष्णता अडवण्याचे निम्मे काम करते, तिथे उरत नाही. म्हणून मी तोच नमुना ताणून चौकटीत बसवला आणि ज्योत दिली. मेटा-अरामिड आचेत आकसतो. दोन्ही कडा धरलेल्या असल्याने त्याला आकसायला वाव मिळाला नाही आणि कापड मधोमध तडकले.

विमानचालकांच्या पोशाखांच्या, मागावर उभ्या-आडव्या धाग्यांनी विणलेल्या कापडात ९३ टक्के मेटा-अरामिड, ५ टक्के पॅरा-अरामिड (केवलारच्या जातीचा मजबूत तंतू) आणि २ टक्के स्थिरविद्युतरोधक तंतू असे मिश्रण रूढ आहे, आणि त्यातला पॅरा-अरामिड नेमके हे तडकणे रोखण्यासाठीच असतो. निटेड कापडात त्याचे प्रमाण वाढवावे, तर तो उन्हात कमकुवत होतो आणि त्यावर रंगही नीट चढत नाही. इलास्टेन (रबरासारखा ताणला जाणारा तंतू) घालून हातमोजा घट्ट बसेल, पण तो तंतू वितळतो, त्यामुळे तो मी वापरणार नाही.

ज्यांनी असे काम केले आहे, त्यांना विचारायचे आहे की वीण बदलून हा प्रश्न सुटेल का. एकास एक रिबला (एक सुलटा, एक उलटा टाका अशा विणीला) स्वतःचाच लवचीकपणा असतो, त्यामुळे इलास्टेनची गरज पडणार नाही, मात्र ती ताणली की तिचे टाकेही उघडतात. इंटरलॉक (दोन रिब एकमेकींत गुंतवलेली दुहेरी वीण) अधिक स्थिर आणि दाट असते, पण तिच्या जाडीमुळे बटणे व कळा चाचपण्यात अडथळा येण्याची मला भीती वाटते. दोहोंपैकी काय निवडाल, आणि चाचणीपूर्वी कापड किती ताणून धरावे हे आपण मूठ वळलेल्या हातावर मोजून ठरवता की अन्य रीतीने? नमुने धुऊन विणयंत्राचे तेल काढून घेतलेले आहे, त्यामुळे ते कारण नसावे.