‘कट्यार काळजात घुसली’ घरच्यांना कशी दाखवावी?

मंद्रसप्तक (प्रश्न):
पंडितजी आणि खाँसाहेब या दोन गायकांच्या चुरशीवरचा ‘कट्यार काळजात घुसली’ हा चित्रपट मी २०१५ च्या दिवाळीत चित्रपटगृहात पाहिला आणि त्यानंतर तो किती वेळा पाहिला, हे मोजणे केव्हाच सोडून दिले. येत्या दिवाळीत माझे वडील, भाऊ, कन्नडभाषक वहिनी आणि दोन भाचे आमच्याकडे येणार आहेत, आणि त्या सर्वांबरोबर एक संध्याकाळ हा चित्रपट पाहावा, अशी माझी फार इच्छा आहे. अडचण अशी की, वडिलांनी तरुणपणी मूळ नाटक वसंतराव देशपांडे खाँसाहेबांची भूमिका करत असताना पाहिलेले असल्यामुळे ‘त्यानंतर खाँसाहेब होणे नाही’ एवढे म्हणून ते विषय संपवतात. भाचे पंधरा आणि सतरा वर्षांचे असून शास्त्रीय संगीत म्हणजे शाळेच्या स्नेहसंमेलनातील ईशस्तवन, अशी त्यांची समजूत आहे. मागे मैत्रिणींना हा चित्रपट दाखवताना मी दर दहा मिनिटांनी तो थांबवून घराणे (गायकीची परंपरा), बंदिश (रागात बांधलेली रचना) आणि तान (सुरांची वेगवान फिरत) यांविषयी सांगत बसले आणि मध्यंतरापर्यंत सगळ्यांच्या हाती मोबाईल आले होते. या वेळी काय करावे?

सुरपेटी:
सर्वप्रथम, चित्रपट थांबवू नका आणि प्रेक्षकांच्या चेहऱ्यांकडे पाहू नका. आपल्या आवडत्या जागेला समोरचा माणूस दाद देतो की नाही, हे आपण डोळ्यांच्या कोपऱ्यातून तपासू लागलो की त्याला ते जाणवते आणि तो अवघडतो. हा अपराध मीही केला आहे.

तयारी करायचीच असेल, तर ती आदल्या दिवशी, फराळाचे चालू असताना करा. ‘घेई छंद मकरंद’ या पदाच्या दोन चाली आहेत, पंडितजींची आणि खाँसाहेबांची. शब्द तेच, पण एकीत सूर शांतपणे ठेवलेला आहे, तर दुसरीत लय चढी असून ताना अंगावर धावून येतात. या दोन्ही चाली काहीही न सांगता एकापाठोपाठ एक लावून ठेवा. चित्रपटातील सारा झगडा ‘माझे गाणे की तुझे गाणे’ असा असल्यामुळे, ज्याच्या कानावरून हा फरक गेला आहे, त्याला घराणे या शब्दाची व्याख्या लागत नाही. राजगायकाचे पद, हवेली आणि एक खून माफ करणारी ती कट्यार, हे सर्व निवेदनातून येतेच, आणि ते निवेदन प्रत्यक्ष कट्यारच करते. त्यामुळे वेगळ्या प्रस्तावनेची गरज नाही.

वहिनींसाठी उपशीर्षके मात्र न विसरता लावा. ‘दिल की तपिश’ आणि ‘यार इलाही’ ही पदे हिंदी-उर्दू असल्यामुळे तेथे त्या तुमच्याही पुढे असतील.

रंगपीठ:
मी वडिलांच्या बाजूने लिहीत आहे. त्यांचा आक्षेप हट्ट म्हणून बाजूला सारू नये. पुरुषोत्तम दारव्हेकरांचे हे नाटक १९६७ मध्ये रंगभूमीवर आले, त्याचे संगीत जितेंद्र अभिषेकींचे होते आणि गाणारा नट प्रेक्षकांसमोर प्रत्यक्ष गात होता. पद रंगले की ‘वन्स मोअर’ मिळे आणि कालच्या प्रयोगातली तान आज तशीच येईल, याची खात्री नसे. चित्रपटात खाँसाहेब झालेल्या सचिन पिळगांवकरांच्या ओठांवर राहुल देशपांडे यांचा गळा आहे. तो गळा उत्तमच आहे, पण ज्याने गळा आणि चेहरा एकाच माणसाचा पाहिला आहे, त्याला ही फट दिसणारच. शिवाय शंकर महादेवन यांच्या पंडितजींना चित्रपटात नाटकापेक्षा पुष्कळ अधिक वाव दिलेला आहे, आणि जुन्या प्रेक्षकाला ते खटकू शकते.

माझ्या थोरल्या बंधूंचेही असेच होते. मी त्यांना चित्रपटाचा आग्रह न करता नाटकाविषयी विचारले. ते तासभर बोलले, मधे दोन पदे गुणगुणले, आणि मग ‘बघू तरी, काय केले आहे’ असे स्वतःच म्हणाले. राहुल हे वसंतरावांचे नातू आहेत, ही गोष्ट त्यांना ठाऊक होती. तरीही पडद्यावर तो आवाज प्रथम आला, तेव्हा ते खुर्चीत पुढे सरकले.

परदेशस्थ_पाहुणी:
भाच्यांविषयी एवढेच सांगते की, त्यांना मधून उठून जाण्याची मुभा द्या. न्यू जर्सीत वाढलेली माझी मुलगी ‘सूर निरागस हो’ झाल्यावर उठून गेली होती आणि कव्वालीच्या टाळ्या ऐकून परत आली. पंडितजींचा शिष्य सदाशिव याच्यासाठी गाणारे महेश काळे हे अभिषेकीबुवांचे शिष्य असून कॅलिफोर्नियात राहतात आणि ‘अरुणि किरणी’साठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, हे कळल्यावर ‘म्हणजे ते इकडचेच!’ असे म्हणून तिने ते पद पुन्हा लावायला सांगितले. तिच्या लेखी अभिमानाचे कारण राष्ट्रीय पुरस्कारापेक्षा कॅलिफोर्निया हेच होते, पण माझी काही तक्रार नाही.

मंद्रसप्तक:
सर्वांचे मनःपूर्वक आभार. भाऊबीजेच्या संध्याकाळी चित्रपट पाहून झाला. दोन चाली आदल्या दिवशी चकल्या तळताना लावल्या होत्या. धाकटा भाचा ‘हे एकच गाणे आहे?’ असे विचारत स्वयंपाकघरात आला, आणि त्याला उत्तर देण्याचे काम बाबांनी आपणहून अंगावर घेतले. चित्रपटात पंडितजींचा भाग त्यांना लांबल्यासारखा वाटला व ते त्यांनी सर्वांना ऐकू जाईल असे सांगितले. खाँसाहेबांच्या गाण्यांना मात्र ते मांडीवर ताल धरून गप्प बसले होते. थोरला भाचा मध्यंतरानंतर झोपला. वहिनींनी परतीच्या प्रवासासाठी सगळी गाणी मोबाईलवर घेतली, तेव्हा बाबांनी एकच अट घातली की, यादीत वसंतराव आधी हवेत आणि चित्रपट नंतर.