दाव्याची संचिका वाचताना खुणा कागदावर कराव्यात की स्क्रीनवर?

प्रश्न:
मी तालुका न्यायालयात दिवाणी कामे पाहणाऱ्या एका ज्येष्ठ वकिलांकडे काम करते. वाटपाच्या दाव्यात कैफियत (प्रतिवादीचे लेखी उत्तर), फेरफार (जमिनीच्या हक्कातील बदलांच्या नोंदी), जुने सातबारा उतारे आणि खरेदीखते मिळून संचिका सहज शे-दीडशे पानांची होते. सर झेरॉक्स प्रतीवर पेन्सिलीने खुणा करतात. ई-फायलिंगमुळे मी मात्र पीडीएफवरच शेरे लिहिते. वाचन भराभर होते, परंतु उलटतपासाची तयारी करताना कोणता मजकूर कुठे वाचला होता, हे चटकन डोळ्यांपुढे येत नाही. आपण सर्व काय करता?

प्रतिसाद १:
उलटतपासासाठी मी कागदच हाताशी ठेवतो. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या, ५४ अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणातही माहितीपर मजकूर, विशेषतः वेळेचे बंधन असताना, कागदावर अधिक चांगला समजतो असे दिसले होते, आणि आपले वाचन नेमके याच प्रकारचे असते. वाटपाच्या दाव्यात हिंदू उत्तराधिकार कायद्यानुसार मुलींचा हक्क ठरवताना वाटणी २० डिसेंबर २००४ पूर्वीची आहे का आणि वाटणीपत्र नोंदणीकृत आहे का, हे पाहावे लागते; त्यासाठी वाटणीपत्र, फेरफार आणि कैफियत टेबलावर शेजारी शेजारी मांडून मी समासात लिहितो, ‘फेरफारात वारस चार, कैफियतीत तीन; बहिणीचे नाव का नाही?’ असा प्रश्न तीन कागद एकत्र दिसल्याशिवाय सहसा सुचत नाही. मूळ दस्तावर किंवा प्रमाणित प्रतीवर मात्र पेन्सिलसुद्धा टेकवू नये.

प्रतिसाद २:
वरील मताशी मी बहुतांशी सहमत आहे. तरीही पीडीएफवरील सगळे शेरे एका यादीत दिसतात आणि सहकाऱ्याला लगेच पाठवता येतात, ही सोय मोठी आहे. शोधाची सोय मात्र आपल्याकडे अर्धवटच आहे, कारण जुने फेरफार स्कॅन केलेली चित्रे असतात, आणि युनिकोडपूर्व फाँटमध्ये टंकलेल्या दस्तात देवनागरी शब्द शोधला तर तो पानावर दिसत असूनही सापडत नाही. मोडी दस्तावर तर मजकूर निवडून रंगवताही येत नाही, चौकटच आखावी लागते. शिवाय शेरे फाइलबरोबर प्रवास करतात, त्यामुळे अशिलाविषयीची आपली शंका विरुद्ध बाजूच्या हाती पडू नये म्हणून मूळ फाइल अस्पर्श ठेवून शेऱ्यांसाठी वेगळी प्रत करावी. डिजिटल स्वाक्षरीच्या सातबाऱ्याबाबत तर हे अधिकच पाळावे, कारण स्वाक्षरीनंतर केलेली भर पडताळणीत दिसू शकते.

प्रतिसाद ३:
ताई, आपली अडचण बहुधा पानांच्या क्रमांकांतून आलेली असावी. मुखपृष्ठ आणि अनुक्रमणिका धरून पीडीएफ जे पान ४७ वे दाखवते, त्यावर छापील क्रमांक ४३ असू शकतो. शेऱ्यात नेहमी निशाणी क्रमांक (न्यायालयात दस्ताला मिळालेला क्रमांक) आणि छापील पान लिहावे, प्रत्येक निशाणीला बुकमार्क द्यावा, आणि ज्या दहा-पंधरा पानांवर उलटतपास उभा राहणार आहे तेवढ्यांचीच छापील प्रत काढून तिच्यावर हाताने प्रश्न लिहावेत.