मदत हवी आहे: आईसाठी गरम पाण्याचे झरे, जपान की तैवान?

नोव्हेंबरात आईला (वय ६८, गुडघेदुखी) घेऊन आठ दिवस जायचंय. गरम पाण्याची हौस तिची जुनी, वज्रेश्वरीच्या कुंडांपासूनची.

माझा जीव जपानच्या किनोसाकीवर जडलाय. गावात सात सार्वजनिक स्नानगृहं, युकाता (सुती जपानी झगा) घालून, लाकडी खडावा खडखडवत एकातून दुसऱ्यात जायचं. पण आत अंगावर एक धागाही नको. बायकांचा विभाग वेगळा असतो हे सांगितलं, तर आई म्हणाली, "बायकांसमोर तरी का?" खोलीतच खाजगी कुंड घ्यावं तर खिसा रिकामा. शिवाय आम्ही शाकाहारी, आणि तिथे साध्या सूपच्या पाण्यातही सुकी मासळी!

तैवानात हे प्रश्न कमी. तैपेईहून मेट्रोने, बेइतौला गाडी बदलून, गरम झऱ्यांचं शिनबेइतौ, स्त्री-पुरुष एकत्र असलेल्या सार्वजनिक कुंडात पोहण्याचा पोशाख सक्तीचा, बौद्ध शाकाहारी खानावळीही भरपूर. फक्त गंधकाचा वास आईला सोसेल का? की तैवानातलंच बिनवासाच्या पाण्याचं जिआओशी बरं?

ज्येष्ठांना घेऊन कोणी गेलंय का? कुंडाच्या पायऱ्या, कठडे कसे आहेत? तिला रक्तदाबाची गोळी चालू आहे, डॉक्टरांना विचारणारच आहे, पण पाणी कितपत कढत असतं तेही सांगा.