बंद पाट्यांमागची भाकरी

दादा, बेळगावात लोक खानावळीत जेवेनासे झाले म्हणून जुन्या जागा बंद पडल्या, हे तुमचं म्हणणं मला अर्धंच पटतं. टिळकवाडीतली आमची नेहमीची खानावळ दिवाळीनंतर बंद झाली, तेव्हाही दुपारी बसायला जागा मिळत नव्हती. भाडेकरार संपला, नवं डिपॉझिट परवडेना. आणि ज्वारीच्या भाकऱ्या थापणाऱ्या दोघी मावशी थकल्या, त्यांच्या जागी कुणीच मिळेना. चपाती लाटणारे सापडतात हो, पण भाकरीला हात लागतो. एण्णेगाय, म्हणजे तेलातली भरली वांगी, आणि शेंगाचटणी भाकरीशिवाय वाढायची तरी कशी?

मांडे, म्हणजे त्या पातळ गोड पोळ्या, त्यांचंही तेच. उपड्या तापल्या भांड्यावर मांडा पसरायला वर्षं जातात. कुंदा मात्र टिकलाय, कारण दूध आटवून केलेला तो पदार्थ डब्यात भरून पुण्या-मुंबईला जातो. दुकानाला चार फुटांचा काउंटर पुरतो, बसायची जागा लागत नाही.

नवे कॅफे उघडतायत त्याचा मला आनंदच आहे, पोरांना कामं मिळतात. पण शहापुरात किंवा खडेबाजाराच्या आसपास हाताने थापलेली भाकरी अजून कुठे मिळत असेल तर इथे नक्की लिहा. या रविवारीच आईला घेऊन जातो.